सुकटीवरचा आळ

डहाणूत फुगे बनतात हे बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो हसतो. चिकू म्हटलं की मान डोलावतो, फुगे म्हटलं की हसतो. मी अशाच एका लहानशा कारखान्यात पॅकिंगच्या बायकांवर देखरेख करत होते. साल दोन हजार पंधरा. माझी जीभ मुळातच तिखट, त्यात हे पद नवंनवं मिळालेलं, म्हणून ती मी जरा जास्तच चालवायची.

बायकांमध्ये जवळच्या रानशेत गावाहून येणारी एक होती. नुकतं लग्न झालेली, अंगानं किरकोळ, कामाला चोख. कामावर लागून दोन-तीन महिने झाले असतील, तेव्हा ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "ताई, फुगं हातात घेतलं का आंग खाजवतं. तोंडानं फुगवला का ओठ सुजतात."

मी ओठ पाहिले. सुजलेले होते. मी ते पाहिलं होतं, हे आधी लिहून ठेवते. पण तोंडातून निघालं ते असं: "नाचता येईना अंगण वाकडं! बाकीच्या बायांना कसं काही होत नाही? साबणानं हात धू."

बाकीच्या हसल्या. तीही हसली आणि हात धुऊन आली.

त्यानंतर ती मधूनमधून उठून बाहेर मोकळ्या हवेत जाऊन उभी राहायची. मला तो कामचुकारपणा वाटायचा. खरं तर तसं वाटून घेणं सोयीचं होतं. एके दिवशी डोकं फिरलं आणि मी तिला पावडरच्या खोलीत टाकलं. फुगे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांना पावडर लावतात. त्या बंद खोलीत ती सगळीकडे उडत असते, नाकातोंडात जाते. ते काम कुणालाच आवडत नव्हतं, म्हणूनच मी ते तिला दिलं.

दुपारी आम्ही सगळ्या जेवायला बसलो. तिनं तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी आणली होती. एवढं होऊनही तिनं माझ्या डब्याच्या झाकणावर चटणी ठेवली. "खाऊन बघा ताई, सासूनं केलीय." मी खाल्ली. छान झणझणीत होती.

जेवण झाल्यावर ती पुन्हा पावडरीत गेली. तासाभरात कुणीतरी ओरडलं. जाऊन पाहते तर तिचे डोळे सुजून मिटलेले, मानेवर आणि हातांवर लाल गांधी, आणि श्वास घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज. मी आणि आणखी एका बाईनं तिला रिक्षात घातलं. वाटेत ती माझा हात घट्ट धरून होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी लगेच मांडीत इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. मग माझ्याकडे वळून विचारलं, "काय खाल्लं हिनं? कशानं झालं हे?"

मला ठाऊक होतं. सुजलेले ओठ मी पाहिले होते, बंद खोलीत मी पाठवलं होतं. पण डोळ्यांसमोर उभे राहिले कारखान्याचे शेठ. ती तक्रार करत असताना तिला पावडरीत कुणी बसवलं, हा प्रश्न उभा राहिला. मी म्हणाले, "मासळी खाल्ली, डॉक्टर. सुकी मासळी. ती खाल्ल्यावरच झालं."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. शेठनं मला खोटं बोलायला सांगितलं नव्हतं. त्यांना तर अजून काही कळलंही नव्हतं. हे खोटं सर्वस्वी माझं, घरी बनवलेलं. आणि जी चटणी मी स्वतः खाऊन मजेत उभी होते, तिच्यावरच मी आळ घेतला.

संध्याकाळपर्यंत ती बरी झाली. डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला बजावलं की मासळी, खेकडे, कोळंबी, काही म्हणून द्यायचं नाही, पुन्हा झालं तर जीव जाईल. त्यांनी कागद लिहून दिला. ती परत कामावर आली नाही. माझा जीव भांड्यात पडला.

दोनेक वर्षं गेली. माझी दाढ दुखायला लागली, तेव्हा तलासरीला राहणाऱ्या नणंदेनं मला तिथल्याच दातांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण मुलगी होती. हातमोजे चढवता चढवता तिनं विचारलं, "रबराची ॲलर्जी नाही ना तुम्हाला?"

खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. मी खुर्चीत ताठ बसले. "असली तर काय होतं?"

तिनं समजावून सांगितलं. रोगप्रतिकारशक्ती कमी असली की माणूस आजारी पडतो एवढंच आपण ऐकलेलं असतं. इथे ती कमी नसते, ती चुकीच्या माणसाला चोर समजते. रबरातला निरुपद्रवी अंश, कधी नुसत्या पावडरीवर बसून श्वासावाटेही, अंगात गेला की शरीर त्याच्यावर तुटून पडतं आणि त्या मारामारीत माणसाचाच श्वास कोंडतो. एकदा वैर धरलं की शरीर ते सहसा विसरत नाही, पुढच्या वेळी आणखी जोरात उठू शकतं. "ऑपरेशनमध्ये, बाळंतपणात जास्त भीती," ती म्हणाली, "कारण तिथे हातमोजा अंगाच्या आत लागतो. म्हणून आधी विचारायचं. आ करा."

मी आ केला. दाढ निघाली ते मला धड कळलंही नाही.

कामावर रानशेतची आणखी एक बाई होती. तिच्याकडे मी सहज विचारल्यासारखं करून त्या मुलीची चौकशी केली. आठवा महिना लागलाय, म्हणाली. अंगात रक्त नाही म्हणतात, बाळंतपणाला डहाणूलाच आणणार. मी म्हटलं, "तिला निरोप दे. डॉक्टरांना रबराचं सांग म्हणावं." ती म्हणाली, "ती नाय ऐकायची, ताई. तिच्याजवळ कागद हाय, मासळीचा."

आठ दिवस मी काहीच केलं नाही. आज शेठ आहेत, उद्या नणंद येणार, अशी कारणं स्वतःलाच देत राहिले. नवव्या दिवशी एसटीत बसले.

कुडाचं, सारवलेलं घर. ती पोट सावरत उठली, मला पाणी दिलं. चेहरा पांढराफटक पडलेला. सासू कौतुकानं सांगायला लागली, "तुम्ही होतात म्हणून वाचली. तवापासून घरात सुकट नाय शिजवली, ताई. वाफ लागंल म्हणून. पावसाळ्यात पोरं रडतात, पण नाय. नदीची मासळी पण नाय, खेकडा पण नाय." गावात आरोग्याचं काम बघणारी आशाताई तिला मासळी खा, अंडी खा म्हणून सांगायची, तेव्हा ती कागद काढून दाखवायची. तो कागद तिनं रेशनकार्डासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवला होता.

मी मान खाली घालून सगळं सांगितलं. ओठ पाहिले होते ते, पावडरीत मुद्दाम टाकलं ते, दवाखान्यात काय बोलले ते. सासू उठून बाहेर गेली. ती मात्र बसून राहिली. शिव्या देईल, निघ म्हणेल, याची मी वाट पाहत होते. तिनं विचारलं, "मग मी सुकट खाल्ली तर चालंल, ताई?"

अजूनही ती मलाच विचारत होती. मला रडू आलं, आणि तिच्यासमोर रडण्याचीही लाज वाटली. डॉक्टरांना विचारूनच खा, एवढंच मी म्हणू शकले.

दुसऱ्याच दिवशी मी तिला घेऊन दवाखान्यात गेले. बाळंतपण सुखरूप झालं, मुलगी झाली, हे इथेच सांगून टाकते. पुढचं सांगताना मला त्याचा आडोसा घ्यायचा नाही.

तिनं डॉक्टरांना फुग्यांचं सांगितलं, खाज, ओठ, सगळं. डॉक्टर या वेळी दुसरे होते. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं, तिच्या केसपेपरवर मोठ्या अक्षरात रबर लिहिलं, रबर नसलेले हातमोजे काढून ठेवायला सांगितले. मग पिशवीतला जुना कागद उलटून पाहिला आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. "मग हे मासळीचं कुणी सांगितलं होतं? दोन वर्षं हिनं काही खाल्लं नाही, रक्त बघा किती उतरलंय. कुणी सांगितलं?"

मी तिच्या शेजारीच उभी होते. एक शब्द बोलायचा होता. आदल्या दिवशी तिच्या घरात मी तो बोलले होते, पण तिथे माझ्यापेक्षा मोठं कुणी नव्हतं. इथे नर्स होत्या, रांगेतल्या बायका होत्या, त्यातली एक आमच्याच आळीतली.

तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग डॉक्टरांना म्हणाली, "मीच सांगला, साहेब. माला काय समजतं."

"काहीही सांगता तुम्ही," डॉक्टर वैतागून म्हणाले. तिनं मान हलवली. मी तिची पिशवी हातात धरून उभी होते, आणि मी काही बोलले नाही.