मळ्यातली आई

“जीभ दाखवा आधी. मग बोला.”

आमच्या दिघीच्या सोसायटीत कुणी बरं नाही म्हणालं, की सिस्टर हेच म्हणायच्या. एकदा सोसायटीचे चेअरमन पाण्याच्या टँकरवरून तावातावाने भांडत होते. घसा बसलेला. सिस्टरनी त्यांना भर लिफ्टसमोर जीभ काढायला लावली, आणि त्यांनी ती निमूट काढली. भांडण तिथंच संपलं.

आफ्रिकेतल्या एका मिशन हॉस्पिटलात त्या तीस वर्षं नर्स होत्या. लग्न केलं नाही. निवृत्त होऊन दोन बॅगा घेऊन धाकट्या भावाकडे आल्या, माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये. मी शाळेत शिकवून घरी आले की चहाला यायच्या. बोलणं फिरून फिरून आईवर यायचं. आई गेली तेव्हा तिकडे कॉलऱ्याची साथ होती, म्हणून त्या आल्या नाहीत. भावाने कळवलं होतं, ‘आईला निघोज्याच्या मळ्यात, दादांच्या शेजारी ठेवलं.’ दादा म्हणजे त्यांचे वडील.

“मला एकदा तिथं बसायचंय गं,” त्या म्हणायच्या. “माफी मागायचीय.”

भाऊ दर रविवारी काहीतरी कारण काढायचा. गाडी सर्व्हिसिंगला, पाहुणे येणार, रस्ता खराब. शेवटी मीच त्यांना स्कूटरवर घेऊन गेले.

मळा नव्हताच. लांबच लांब भिंत होती, वर तारा, आत कंटेनर उभे. गेटवरचा सिक्युरिटीवाला लातूरकडचा होता, भला माणूस.

“इथं चिंचेखाली दोन कबरी होत्या,” सिस्टर म्हणाल्या.

“मावशी, मी आलो तवापासून इथं पार्किंगच हाय.”

त्यांनी गेटच्या फटीतून आत पाहिलं. एक ट्रेलर मागे येत होता, त्याचा भोंगा वाजत होता. त्या तशाच उभ्या राहिल्या, आणि मला तिथून त्यांना हाताला धरून आणावं लागलं.

संध्याकाळी भाऊ माझ्यासमोरच रडला. “काय सांगनार व्हतो आक्का? जमीन गेली, त्यात कबरी बी गेल्या. कंपनीवाले म्हनले, काढून न्या. माजा धीर झाला न्हाई.”

“मला लिहायचं होतंस.”

“तू तिकडं देवाचं काम करीत व्हतीस.”



त्यानंतर त्यांनी चर्चला जाणं सोडलं. पाद्री घरी येऊन गेले, त्यांना चहा दिला, प्रार्थनेला मात्र डोळे मिटले नाहीत. मला एकदा म्हणाल्या, “तिथं ज्यांचं कुणी नव्हतं, त्यांना मी या हातांनी मूठमाती दिलीय. मरताना त्यांना सांगायचे, देव कुणाला एकटं सोडत नाही. ते मीच सांगत होते गं. तसं मला कुणी सांगितलं नव्हतं.”

मग त्यांनी मिशनला पत्र लिहिलं, मला परत बोलवा, झाडलोट करीन. उत्तर सभ्य होतं. सेवेबद्दल आभार मानले होते, वयाचा उल्लेख होता. ते त्यांनी मला वाचायला दिलं आणि परत मागितलं नाही.

पुढे त्या विसरू लागल्या. गॅस, चप्पल, मग भावाचं नाव. दोनदा त्या चाकण रस्त्याला, मळ्याच्या वाटेवर सापडल्या. भावाने त्यांना नगरकडच्या एका वृद्धाश्रमात ठेवलं. त्याला दोष द्यावा असं मला तेव्हाही वाटलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी भेटायला गेले. खिडकीजवळ बसल्या होत्या, फार वाळल्या होत्या. मला पाहून चेहरा उजळला आणि त्या बोलू लागल्या, आफ्रिकेतल्या भाषेत. तिथली बाई म्हणाली, “मराठी गेलीच त्यांची. दिवसभर हेच चालतं. आम्हाला एक अक्षर कळत नाही.”

त्या मला काहीतरी महत्त्वाचं सांगत होत्या. मधेच हसल्या, मग डोळ्यांत पाणी आलं, मग आवाज चढला, आणि प्रश्न विचारून त्या थांबल्या. माझ्याकडे बघत राहिल्या.

मी मान हलवली. ते ‘हो’ होतं की ‘नाही’, मला आजही माहीत नाही.