पाटलांच्या जीपचा हलका पंखा

निकामी बेअरिंगं आणि किस्से, आमच्या गॅरेजात दोन्ही एकाच कोपऱ्यात साठतात. बेअरिंगं निदान भंगारवाला घेऊन जातो!

गॅरेज मोठेबाबांचं, म्हणजे माझ्या बाबांच्या थोरल्या भावाचं. भंडाऱ्यात हमरस्त्यावर गॅरेज, मागे घर. मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले, नागपुरात मैत्रिणीच्या भावाकडे फायबरचे कूलर बनतात तिथे तीन महिने शिकले आणि परत आले. कोंढ्याच्या पाटलांच्या जीपचं वॉटर पंपाचं बेअरिंग सारखं जायचं, कारण त्याच शाफ्टवर रेडिएटरचा लोखंडी पंखा, जड आणि वाकडा. मी साचा केला आणि काचेच्या कापडाचे थर रेझिनमध्ये, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या चिकट रसायनात, भिजवून त्यात तसाच पंखा केला. वजन निम्म्याहून कमी.

भंडाऱ्यात पाण्याचा पितळी गुंड विकत घेताना माणूस आधी हातात तोलून बघतो. मोठेबाबांनी माझा पंखा तसाच तोलला आणि परत दिला. "हाताले काही लागतच नाही. माल कुठं आहे यात?"

गॅरेजातल्या मिस्त्रींनी परीक्षा घेतली. पंखा फरशीवर आपटला. तुटला नाही. "पाहा, प्लास्टिक आहे," म्हणाले. मग घण आणला. चौथ्या घावाला एक पातं गेलं. "पाहा, तुटते!" लोखंडी पंख्यावरही घण घाला म्हटलं, तर म्हणाले, "तो कायले तोडाचा? चांगला आहे तो."

मी दुसरा केला. रोज डोकं खाल्लं तेव्हा कुठे मोठेबाबांनी तो जीपला बसवू दिला. "महिनाभर चालला त गॅरेजात कामाले ये. नाही त ते रेझिनचे डबे फेकून दे." चार माणसांसमोर म्हणाले. मी लक्षात ठेवलं.

त्याच आठवड्यात मला पाहायला पाहुणे आले. माझ्या हातांना रेझिनचा वास. मोठेबाबांनी सांगून टाकलं, पोरगी कापडावर नाजूक काम करते. मुलाच्या आईने नमुना मागितला. मी मिस्त्रींनी तोडलेलं पातं आणून हातात दिलं. पाहुणे पोह्यांना थांबले नाहीत!

महिना झाला, दोन झाले. पाटील पवनीपर्यंत जीप पळवत होते, बेअरिंग शाबूत. त्यांनी विचारलं, पंखा कुठला? मी तिथेच दारात उभी. मोठेबाबा म्हणाले, "नागपूरचा." नंतर मी शब्दाची आठवण करून दिली, तर म्हणे नव्या ग्रीसनं चालला तो. "घरात काही काम नाही का तुले?" त्यावर माझ्या तोंडात जे आलं ते इथे लिहीत नाही.

आणि मग पाटील भावाची जीप घेऊन आले. तसाच पंखा पाहिजे, आजच कामाला लागा म्हणाले आणि बाकावर बसले. मोठेबाबांनी मला हाक मारली नाही. माझाच साचा, माझेच डबे घेऊन मागच्या पडवीत बसले. रेझिन कडक करणारा हार्डनर त्यात मोजून, थेंबांनी घालायचा असतो. त्यांनी लवकर वाळावं म्हणून वरणावर तेल ओतावं तसा ओतला. डबा तापला, धूर निघाला आणि ब्रश आत उभाच्या उभा गच्च झाला.

बाहेरून पाटलांचा आवाज आला, "ज्यानं पहिला बनवला, त्यालेच बोलवा ना."

मोठेबाबा तो डबा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले. तो माझ्यापुढे धरला.

मी लाटणं खाली ठेवलं. डबा हातात घेतला, तोलून पाहिला.

"हाताले चांगला लागते, मोठेबाबा. माल आहे यात."