कोरं ब्लँकेट

शेजारचे अप्पा गेल्यावर पंधरा दिवसांनी त्यांच्या सुनेनं जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणीला दारात बसवलं. अप्पांच्या कपाटातून सात ब्लँकेटं निघाली, सगळी कोरी, प्लॅस्टिकसुद्धा न काढलेली. अप्पा स्वतः विरलेल्या चादरीत कुडकुडत झोपायचे, आणि दुसऱ्या कुणालाही त्यांनी त्यातलं एक कधी दिलं नाही. ज्या थंडीसाठी ती राखून ठेवली, ती थंडी बहुधा आलीच नाही. बोहारणीनं सातांवर एक पातेलं काढलं.

"झाकण तरी दे गं," सून म्हणाली.

मला हसू आलं नाही. माझ्याही माळ्यावर एक ब्लँकेट तसंच पडून होतं, आणि गेल्या हिवाळ्यात आमच्या वॉचमनकाकांना मी फाटकी शाल देऊन वर समाधानही मानलं होतं. मी तडक घरी गेले, ब्लँकेट काढलं आणि खाली नेऊन त्यांना दिलं. त्यांनी त्यावरून हळूच हात फिरवला.

"नवं आहे हो ताई. गावी आईला होईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते फाटकाशी आखडून बसले होते. अंगावर माझीच शाल होती, मी दिली तेव्हाच्या भोकांसकट.