आधी धूर, मग आवाज

आमच्या गावात सरकारी खुलाशाला ‘साप चावला’ म्हणतात. नगरच्या बाहेर जिथं लष्कराचा तोफांचा सराव चालतो, त्या माळाला लागून आमचं गाव. सरावाच्या दिवशी टेकडीवर लाल निशाण चढतं आणि ते दिसलं की गुरं अलीकडं हाकून आणायची, हे इथं शेंबड्या पोरालाही कळतं. माझ्या लग्नाआधी कधीतरी चुलतसासऱ्यांची म्हैस निशाणाच्या पुष्कळ अलीकडं, स्वतःच्या बांधावर चरताना धाडकन पडली. तिच्या बरगडीत रुतलेला लोखंडाचा तुकडा अजून त्यांच्या कोनाड्यात आहे, आल्यागेल्याला दाखवतात. पंचनाम्यात मात्र म्हैस सर्पदंशानं मेली. तेव्हापासून विजेबद्दल कुणी साहेब बोलो की पाण्याबद्दल कुणी मंत्री, आमचे लोक एकमेकांकडं बघून म्हणतात, “चावला साप.”

मी या गावची सून, म्हणजे बाहेरची, पण या बाबतीत लगेच इथली झाले. आमच्या पडवीत दूध संकलन केंद्र आहे आणि दोन्ही वेळचं दूध मीच घेते. डिग्री, म्हणजे दुधातलं पाणी दाखवणारी काचेची नळी, लावल्याशिवाय सख्ख्या भावाचंही दूध कॅनमध्ये ओतणार नाही. पाणी घालणारा माणूस डोळ्याला डोळा भिडवून, गळ्याला हात लावून शपथ घेतो, आणि ज्याचं दूध चोख असतं तोच उगाच चाचरतो, हे मी रोज बघते. त्यामुळं कोण किती ठासून बोलतो यावर माझा काडीचा विश्वास नाही. घरचे मला संशयी म्हणतात, म्हणोत बापडे.

माझे धाकटे दीर फौजेत आहेत. सुट्टीवर येताना ते एका सोबत्याला घेऊन यायचे. तो पाथर्डीकडचा. आईबाप ऊसतोडीला जाणारे, हा फडावरच्या पाचटाच्या कोप्यांतून वाढलेला आणि तरी अंगापिंडानं असा की दारातून वाकून आत यावं लागायचं. पाथर्डीची गाडी धरायच्या आधी तो आमच्याकडं जेवायचा. भाकरी संपल्यावर ताटाकडं बघत बसायचा, मागायचा नाही. मला चिडवायची मात्र त्याला फार हौस. चहाचा कप हातात घेतला की विचारायचा, “वैनी, च्यात डिग्री लावून बगितली ना? न्हाईतर माझ्यावर आळ यायचा.” त्याच्याबद्दल मला कधी संशय आला नाही, आणि माझ्यासारखीच्या तोंडी हे फार मोठं आहे.

मग तिकडं वर उत्तरेत, या दोघांच्या चौकीजवळ, स्फोट झाला. दुपारी टीव्हीवर दिसलं. दिरांचा फोन लागेना. संध्याकाळपर्यंत टीव्हीवाल्यांचं सगळं ठरलंही होतं: हल्ला करणारा कोण, कुठून आला, कुणी पाठवला. रात्री दिरांची बातमी आली, जखमी, पण जिवंत. आणि मेलेल्यांच्या फोटोंत तो पाथर्डीकडचा पोरगा होता. माझे यजमान त्याच्या गावी जाऊन आले. परत आल्यावर एवढंच म्हणाले, “पेटी उगडलीच न्हाई.”

दीर डाव्या कानानं बहिरे होऊन लांबच्या सुट्टीवर घरी आले. तोवर गावात चर्चेला ऊत आला होता. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि आमचं तर म्हशीनं पोळलेलं. आमच्या शेताची मोजणी करायला ज्या सरकारला वर्षं लागतात, त्याला संध्याकाळच्या आत एवढं सगळं कळलं कसं? एवढ्या बंदोबस्तात हल्ला करणारा शिरला कसा? हे प्रश्न मलाही पडले होते. खोटं कशाला बोलू, आजही पडतात आणि धड उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

चुलतसासरे केंद्रावर सगळ्यांच्या आधी येतात आणि सगळ्यांच्या नंतर जातात. एका संध्याकाळी त्यांनी मोबाईलवर त्या स्फोटाचा व्हिडिओ आणला. कुणीतरी रस्त्यावरून काढलेला. एकदम धूर, एकदम आवाज, मग चित्र जमिनीवर पडतं. सगळे कॅन खाली ठेवून त्यांच्याभोवती जमले. त्यांनी तो परत परत लावला आणि मग मास्तरासारखं बोट वर केलं.

“माळावर काय बगतो आपन? तोफ उडली का आदी धूर दिसतो. मग तंबाकू मळून दाढंला धरंस्तवर आवाज येतो. व्हय का न्हाई?”

“व्हय.”

“आन हितं बगा. धूर आन आवाज संगंच. आवाज मागनं चिकटवलाय ह्यो. आपल्याला काय शिकिवत्यात? आपला जलम गेला हे ऐकन्यात.”

सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि मीही. मी इतकी वर्षं त्या माळाकडं तोंड करून कपडे वाळत घातलेत. आधी धूर, मग आवाज, यात कधी फरक पडला नाही. शहरातल्या शिकलेल्यांच्या जे लक्षात आलं नाही ते आम्ही पकडलं, याचा सगळ्यांना जरा अभिमानच वाटत होता.

दीर भरलेले कॅन उचलायला आले होते. ते मागं उभे आहेत हे कुणाच्या ध्यानात नव्हतं.

“काका,” ते म्हणाले, “लांबून बगनाऱ्याला आवाज मागनं येतो. जवळ आसलं का दोनी संगंच येत्यात.”

चुलतसासऱ्यांनी मोबाईल खिशात ठेवला, परत काढला. ते वाईट मनाचे नाहीत, पण प्रश्न सुचला की त्यांच्या पोटात राहत नाही.

“आन तू येवढ्या जवळ हुता,” ते म्हणाले, “तर मग तू वाचला कसा रं?”

कॅन तिथंच ठेवून दीर गोठ्याकडं निघून गेले. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, “चावला साप,” आणि एकदोघं हसले. माझं डोकंच फिरलं. मी मापाचं भांडं ओट्यावर आपटलं. “दूध घालायचं आसंल तर घाला, न्हाईतर वाटंला लागा. हितं काय कोरट भरलंय?” सगळे मुकाट्यानं रांगेला लागले.

पण तो प्रश्न काही रांगेला लागला नाही. दुसऱ्या दिवसापासून गावभर फिरला. ह्याला गप्प बसायला सांगितलंय. ह्याला आधीच माहीत होतं. कान गेला म्हणतो, मग हाक मारली की वळतो कसा? दिरांसाठी संगमनेरकडचं स्थळ चालून आलं होतं. त्या लोकांनी मध्यस्थाकरवी विचारलं, नेमकं काय घडलं होतं ते समजलं तर बरं. म्हणजे निशाणाच्या अलीकडं चरताना आता आमच्याच घरचा माणूस सापडला होता. मला लोकांचा भयंकर राग आला.

आणि राग आला तरी माझ्याही मनात पाल चुकचुकली. कारण जे मी बघत होते ते गाव बघत नव्हतं. दीर दिवसचे दिवस गोठ्यात वैरणीच्या भाऱ्याला टेकून बसायचे, उजव्या कानात इअरफोन घालून. कुणाची सावली पडली की मोबाईल मांडीवर पालथा. जेवायला बोलावलं तर आधी मोबाईल बंद करणार, मग उठणार. एकदा तर मी त्यांना त्यात बघून हसताना पाहिलं. सोबती जाऊन मातीही वाळली नाही आणि माणूस हसतो? मी यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, “त्याला त्याच्या जागी ऱ्हाऊ दे.” हे उत्तर मला मुळीच चोख वाटलं नाही.

शेवटी एका दुपारी चहा घेऊन गोठ्यात गेले. मुद्दाम डाव्या बाजूनं गेले. कान खरंच गेलाय का, हेही बघायचं होतं. मी अगदी खांद्यामागं जाऊन उभी राहिले तरी त्यांना पत्ता नव्हता. माझी एक शंका तिथंच मिटली.

मोबाईलवर तोच व्हिडिओ होता, चुलतसासऱ्यांनी आणलेला. पण त्याच्या कोपऱ्यात एक माणूस बसून हातवारे करत होता. धूर थांबवून तो त्यावर लाल रेघा ओढत होता. मग मेलेल्यांचे फोटो आले, आणि पाथर्डीच्या पोराच्या तोंडाभोवती लाल गोल आला. खाली ठळक अक्षरांत हिंदीत लिहिलं होतं की कुणीही मेलेलं नाही, हे सगळं नाटक आहे. शेजारी कुठल्याशा बाजारातल्या गर्दीचा दुसरा फोटो, त्यात एका उंच माणसाभोवती तसाच गोल. तो आमचा पोरगा नव्हता. कुणीही सांगितलं असतं.

“भाऊजी!” मी एवढ्या जोरात ओरडले की म्हैस उठून उभी राहिली. “तुमीबी? आवो, त्या दिवशी काकाला तुमीच सांगितलं ना, की ते खरं हाय म्हनून?”

ते दचकले, पण या वेळी त्यांनी मोबाईल पालथा केला नाही.

“खरंच हाय, वैनी. ह्यो मानूस सपशेल खोटं बोलतो. मी हुतो ना तितं.”

“मग कशाला बगता हे घान?”

त्यांनी व्हिडिओ थांबवला. “धूर आला आन मी पडलो,” ते म्हणाले. “तो माझ्या पुढं हुता. माझ्यावर जे यायचं ते त्याच्यावर गेलं. म्हनून वाचलो, पर हे काकाला कसं सांगू? मी त्याला मेलेला बगितलाच न्हाई. दादा त्याच्या गावाला गेला, तर पेटी झाकलेली. समदे म्हनत्यात तो गेला. सरकार म्हनतं, टीव्ही म्हनतो, त्याची आई म्हनती.” त्यांनी मोबाईलकडं बोट केलं. “सगळ्या दुनियेत ह्यो येकटाच म्हनतो, की तो जिता हाय. कुटंतरी बाजारात भाजी घेतोय.”

मी चहाचा कप खाली ठेवला. मी इतक्या लोकांचं इतकं दूध तपासलं आहे, पण पाणी आहे हे माहीत असून कुणी ते तोंडाला लावावं, असं मी कधी बघितलं नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

मग मी त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन वैरणीवर बसले. इअरफोनचं दुसरं टोक त्यांच्या छातीवर लोंबत होतं, त्या गेलेल्या कानाचं. ते उचलून मी माझ्या कानात घातलं.

“पयल्यापास्नं लावा,” मी म्हणाले.