मापाला दिलेला ब्लाऊज

मिरजगावच्या त्या शिलाईवालीचं नाव मी विचारलंच नाही. माझी छाती भरलेली. माप घ्यायला कुणी अंगाला टेप लावेल या धास्तीने मी दर वेळी जुनाच ब्लाऊज मापाला द्यायचे. तो काखेत काचायचा, म्हणून नवाही काचायचा. आता शाळेत नोकरी लागली होती. वर्गासमोर हात वर करून फळ्यावर लिहायचं होतं, म्हणून नवा ब्लाऊज शिवायला मी तिच्याकडे गेले, मापाला जुनाच घेऊन.

बाई माझ्याहून अंगाने भरलेली, पण मशीनवर ताठ बसलेली. दातांत टाचण्या धरून तिने माझा ब्लाऊज उलटा केला, काखेतली उसवण पाहिली, तो बाजूला टाकला आणि पडदा ओढला.

मी सवयीने खांदे आत घेतले. ती टेप धरून नुसतीच थांबली. मग टाचण्या काढून म्हणाली, "ताई, असं अंग चोरून उभ्या ऱ्हायलात, तर ब्लाऊज बी तसाच शिवला जाईल. मग रोज तसंच उभं ऱ्हावं लागंल."

"भीती वाटते हो."

"मला बी लई वाटायची. टेप जरा गार लागंल, तेवढंच."

मी खांदे सोडले. टेप खरंच गार होती.

पहिल्या तासाला तिने शिवलेला ब्लाऊज घालून गेले. सुविचार मी फळ्याच्या अगदी वरच्या कडेला लिहिला.