भित्र्याचा पट्टा

मार्साश्लोक बंदरात साल्वू काराबॉट नावाची पाच माणसं होती आणि पाचही जण मासेमारी करत. माल्टात त्याचं कुणाला नवल नव्हतं. पहिल्या मुलाला आजोबांचं नाव द्यायचं. आजोबा साल्वूंना पाच मुलगे झाले, म्हणून नातवांत पाच साल्वू. एकाला दुसऱ्यापासून वेगळं काढायला टोपणनावं होतीच: लसूण, बोका, बिशप, तोंडाळ आणि भित्रा.

पहिले चौघे आपापल्या नावाला ओ देत. भित्रा हे नाव मात्र फक्त पाठीमागे घेतलं जाई. ते या पाचव्या साल्वूच्या बापानं मिळवलेलं. चर्चच्या उत्सवात जवळच फटाका फुटला, तसा तो वाजंत्रीवाल्यांच्या मंचाखाली शिरला आणि मिरवणूक संपेपर्यंत बाहेर आला नाही. बाप गेला, घर आणि होडी पोराकडे आली, त्याबरोबर नावही आलं. साल्वूनं वादळात दोन बुडती माणसं ओढून काढली. तरी बाजारात त्याच्या बायकोची ओळख ‘भित्र्याची डेस्का’ अशीच. तरुणपणी या एका शब्दापायी त्यानं बोक्याचं नाक फोडलं होतं.

ऑगस्टच्या मध्यापासून लाम्पूकी मासा येतो. त्याला सावली आवडते. म्हणून ताडाच्या झावळ्यांचे तराफे दगड बांधून खोल समुद्रात रांगेनं सोडायचे आणि सावलीला जमलेल्या माशांभोवती जाळं फिरवायचं. प्रत्येक होडीचा पट्टा ठरलेला. तो दर उन्हाळ्यात चिठ्ठ्या टाकून मिळतो. दोन हजार दोन साली साल्वूला आग्नेयेचा, सगळ्यांत जास्त मासा देणारा पट्टा लागला. त्याच्या बापाला तो जन्मभर लागला नव्हता. चिठ्ठी वाचून साल्वू घरी आला आणि त्यानं डेस्काला नुसतं बोटानं दिशा दाखवली. ती स्वयंपाक टाकून आनंदानं रडायला लागली.

आठवड्याभरात बातमी आली, की पट्टा जातोय.

देश तेव्हा युरोपीय संघाच्या दारात उभा होता. शेती झाली, बंदरं झाली, आता समुद्राची बोलणी चालली होती. भोवतीचं पंचवीस मैल पाणी आणि हे तराफे टिकतील की नाही, यावर सारा गाव भांडत होता. ब्रसेल्सनं विचारलं, कुठला पट्टा कुणाचा? इथून नावं गेली. तिथं कुणीतरी वाचलं: साल्वू काराबॉट, साल्वू काराबॉट, साल्वू काराबॉट, असं पाच वेळा. त्यांनी सरळ अर्थ लावला, हा कुणी बडा मालक दिसतो, समुद्र गिळून बसलाय. माणशी एक पट्टा हा नियम. चार पट्टे रद्द करा.

“मी बडा मालक!” लसूण म्हणाला. “सासऱ्याला कळवा रे कुणीतरी.”

गावच्या वाजंत्रीवाल्यांच्या बँड क्लबच्या दिवाणखान्यात सभा भरली. राजधानीतून मासेमारी खात्याच्या टेस्टाफेराटा बाई आल्या, सोबत ब्रसेल्सचा एक उंच डॅनिश साहेब.

“ओळखपत्राचे आकडे आम्ही जोडतो,” बाई म्हणाल्या, “पण समुद्रात वायरलेसवर आकडे कोण ओरडणार? पट्ट्यावर नाव हवं. दुसऱ्या कुणाचं नसलेलं, आणि ते ज्याचं त्यानं स्वतः सांगायचं.”

लसूण, बोका, बिशप चटकन झाले. तोंडाळानं आपलं नाव कसं पडलं ते इतका वेळ सांगितलं, की साहेबाला दुभाष्याची गरज उरली नाही.

“तुम्ही?”

“साल्वू काराबॉट,” साल्वू म्हणाला.

“ते नाही चालायचं, काका.”

“मग होडीचं नाव घाला. पोंपेईची माता.”

“बंदरात त्या नावाच्या अकरा होड्या आहेत!” मागून कुणीतरी ओरडलं.

“गाव तुम्हाला काय म्हणतं?” बाईंनी विचारलं.

दिवाणखाना भरलेला होता आणि उत्तर प्रत्येकाला ठाऊक होतं. बोक्यानं नाकावर हात ठेवला. साल्वू भिंतीवरच्या समुद्राच्या नकाशाकडे बघत राहिला. आग्नेयेच्या रेघेखाली अजून रिकामी जागा होती.

“सांगतोस, की मी सांगू?” दारातून डेस्का म्हणाली.

“थांब गं.” तो उठला, टोपी काढली. “भित्रा. लिहा. माझा बापही भित्रा होता. भित्रा काराबॉट.”

दुभाष्यानं साहेबाला सांगितलं. साहेबानं काहीतरी विचारलं.

“साहेब म्हणतायत, तुम्ही कशाला भिता?”

“पट्टा जाईल, याला.”

साहेब हसला नाही. त्यानं मान हलवली. बाईंनी रिकाम्या जागेत माल्टी अक्षरांत, टिंबांसकट, तो शब्द लिहिला. मग क्लबात जो गलका उठला तो धक्क्यावर ऐकू गेला. लसणानं साल्वूच्या पाठीत एवढी थाप मारली, की टोपी खाली पडली.

पाचही पट्टे राहिले. ऑगस्टात साल्वूनं झावळ्या सोडल्या. पहिल्याच आठवड्यात गस्तीच्या बोटीनं वायरलेसवर विचारलं, “आग्नेयेला कोण आहे?” बंदरातल्या सगळ्या होड्यांवर ते ऐकू आलं.

“भित्रा बोलतोय,” साल्वू म्हणाला. “होडी भरली. आता मासे ठेवायला जागा नाही, लवकर बोला.”

डिसेंबरात बोलणी संपली. पंचवीस मैल राहिले, झावळ्यांची सावलीही राहिली. त्या संध्याकाळी क्लबात तोंडाळ पेला उंचावून, आयुष्यात पहिल्यांदा तोंडावर, म्हणाला, “काय मग, भित्र्या!”

साल्वूनं पेला खाली ठेवला.

“भित्र्या काय? आडनावासकट घे. सरकारी नाव आहे ते.”