साहेबांचे कोरडे पाय

आमच्या आमदारांच्या सत्कारासाठी शाल आणि नारळ मी दोह्यात, अल मन्सूरातल्या वाण्याकडून आणला. शालीचा रंग मराठी मंडळाच्या पोरांनी व्हॉट्सअ‍ॅपवर ठरवला होता. इथल्या मंडळात त्यांच्या मतदारसंघातली मी एकटीच, त्यामुळे ओळख करून द्यायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. मी नाही म्हटलं नाही. मला त्यांना गाठून जेटीचं विचारायचं होतं.

आमचं बेट खाडीच्या तोंडाशी आहे. भरतीला होडी थेट माडांपर्यंत येते. ओहोटीला ती लांबच टेकते आणि पुढे गुडघाभर चिखल तुडवावा लागतो. सहा महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरकडून परतताना माझी आई त्या चिखलात घसरली आणि तिचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण हाड नीट बसलं नाही. डॉक्टर पुन्हा बोलावतायत, पण भरतीला निघालं तरी परतेपर्यंत ओहोटी लागते. आणि तिने हट्ट धरलाय की जेटी होईपर्यंत ती पुन्हा त्या चिखलात उतरणार नाही. माणसं खुर्चीत बसवून नेतील म्हटलं तर म्हणते, मी काय पाव्हणी आहे?

कारण उचलून न्यायचं ते पाव्हण्याला, अशी आमच्याकडे रीत. नवी नवरी असो, भटजी असो, बेटावर येणाऱ्याचे पाय भिजू द्यायचे नाहीत. होडी टेकली की घरचा पुरुष पाठ वाकवतो. बेटावरचा माणूस मात्र आपल्या पायांनी चालतो, मग तो म्हातारा का असेना.

हे साहेब पलीकडच्या काठावरचे. ग्रामपंचायतीपासून त्यांनी सुरुवात केली, पुढे पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि आता आमदारकी. पहिल्या प्रचाराला ते बेटावर आले तेव्हा माझ्या वडिलांनीच त्यांना खांद्यावरून आणलं. त्याचा कोणीतरी फोटो काढला आणि तो पुढच्या प्रत्येक निवडणुकीत फ्लेक्सवर झळकला. खाली लिहिलेलं, ‘बेटाचा माणूस’. वडिलांना त्या फोटोचा केवढा अभिमान. फोटोत त्यांचं तोंडही दिसत नाही, साहेबांच्या मांडीआड गेलंय.

जेटीचे नारळ साहेबांनी दर निवडणुकीला फोडले. कोनशिलाही आहे, तिच्यावर बायका सुकट वाळवतात. मला आधी वाटायचं माणूस चोर आहे, पैसे खातो. आता वाटतं, याला जेटीची गरजच कधी कळली नसेल. इतक्या वर्षांत त्याच्या पायाला आमचा चिखल लागलाय कुठे? आम्ही लागू दिलाच नाही. या विचाराने मला जास्त संताप येतो.

सत्काराच्या दिवशी स्टेजवर मी जे बोलायचं ते बोलले. नंतर जेवताना जेटीचं विचारलं, तर म्हणाले, प्रस्ताव वर गेलाय. आईचं सांगितलं, तर हळहळले आणि बासुंदी मागितली.

दुसऱ्या दिवशी मंडळाने त्यांना अल वक्राला होडीतून फिरवलं. परत येईस्तोवर ओहोटी लागली होती. होडी किनाऱ्यापासून थोडी अलीकडेच टेकली. बंगाली नावाडी म्हणाला, “खलास, आगे नहीं जाएगा. यल्ला, उतरो.” सगळे बूट हातात घेऊन उतरले. साहेब होडीच्या काठावर उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात जरा पसरले. सवयीने. मंडळाची दोन पोरं, दोघंही चांगले इंजिनिअर, पुढे झाली.

“साहेब, उतरा,” मी म्हटलं. “पाणी घोट्याएवढं आहे. खाली वाळू आहे.”

ते हसले. “तू बेटावरची ना? मग आपली रीत विसरलीस?”

“रीत पाव्हण्यांसाठी आहे. तुम्ही तर बेटाचा माणूस. बेटाची माणसं चालत जातात. माझी आई चालत गेली.”

साहेबांचं हसू गेलं, हात मात्र तसेच राहिले. मग पोरांनीच त्यांना उचललं आणि वाळूवर नेऊन ठेवलं. संध्याकाळी मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला, की ताई, असं बोलायला नको होतं, पाव्हणे होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी मंडळाचा ग्रुप सोडला.

महिन्याभराने भावाने फोनवर सांगितलं की साहेब आईला बघायला बेटावर येऊन गेले. बरोबर फोटोवालाही होता. मी विचारलं, ओहोटी होती का? होती. मग चिखलातून आले कसे? भाऊ आईच्या गोळ्यांचं सांगायला लागला. मी काय ते समजले आणि सुटलेच. म्हटलं, बाबांचं झालं, आता तुझी पाठ का? एकदा, फक्त एकदा त्याला चालू द्यायचा होतास. गुडघ्यापर्यंत रुतला असता तर जेटी उद्या झाली असती.

आईने पडल्या पडल्या त्याच्या हातून फोन घेतला.

“तसा म्हणा नको गो,” ती म्हणाली. “साहेब चिखलात घसरान पडले असते तर?”